वेढा पडलेला असताना घेतलेलं शेत

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. पूर्वपरीक्षा पुन्हा हुकली, गावाकडे वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, नारायण पेठेतल्या कॉट बेसिसचं भाडं थकलंय, आणि त्यात चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय. या चौथ्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. आपल्याकडे साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तो निकाल लागल्यावर. मधले महिने त्याने कसे काढले, हे माइकवर कुणी बोलत नाही. मग ऐकणाऱ्या पोरांना वाटतं, रडणारे आपण एकटेच.

बायबलमधलं स्तोत्र ८८ वाच. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे. तरीही ते शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. तेव्हा देवाशी भांडायचं असेल तर खुशाल भांड, ती प्रार्थनाच आहे.

तुला आलेल्या मेसेजांमध्ये यिर्मया २९:११ नक्की असणार, सूर्योदयाच्या चित्रावर: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते. वचन खरंच आहे. पण ते पाठवणारे त्याच्या आधीचं वचन सोडून देतात. त्यात सत्तर वर्षं सांगितली आहेत. यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं ते पत्र आहे. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं तो सांगतो. लवकर सुटका होईल म्हणणाऱ्या संदेष्ट्यांवर त्याने त्याच पत्रात कडक टीका केली आहे. (पुण्याला बाबेल म्हटलेलं पुणेकरांना रुचणार नाही, पण तुझ्यासारखी हजारो मुलं इथे तशीच आणून टाकल्यासारखी राहतात, हे अभ्यासिकांच्या जिन्यावर उभं राहिलं की कळतं.)

मला मात्र तुला पुढचा बत्तिसावा अध्याय द्यायचा आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. ज्या मुलखात शत्रू घुसलाय तिथली जमीन! यिर्मया सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, त्यावर मोहोर लावतो, आणि कागद पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या पात्रात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो. व्यवहार पुरा झाल्यावर तो देवाला विचारतो की नगर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस? म्हणजे शंका होतीच, पण ती तशीच ठेवून त्याने रुपं तोललं. पुढे लोकांनी त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. त्या शेतात त्याने कधी नांगर धरला, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

ख्रिस्ती आशा मला एवढ्या एका व्यवहारात दिसते. आतून काही वाटत नसतानाही उद्याच्या बाजूने एखादं काम करून ठेवायचं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच, नवरा गेला. पुढे त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. हेतू साधा होता, विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदन या शाळेला उत्पन्न हवं होतं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, आणि तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ पसरली. शहरात त्या मुलींना ठेवता येईना. तेव्हा उपयोगी पडलं ते केडगावचं शेत. कशासाठी घेतलं होतं आणि कशाला लागलं! निराधार बायका-मुलींसाठीचं त्यांचं मुक्ती मिशन आजही तिथेच आहे. दौंडच्या गाडीने एखाद्या शनिवारी जाऊन ये, चार भिंतींबाहेर तरी पडशील.

पण त्याआधी जेव आणि झोप. हे मी गंमतीने म्हणत नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला ना रागावतो, ना उपदेश करतो. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. तुझ्या मेसेजमधलं ‘पुरे झालं आता’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तसे विचार येत असतील तर मला रात्री कधीही फोन कर, आणि १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवरही बोल. समुपदेशकाकडे जाण्याने विश्वास उणा होत नाही. पाळकसाहेबांना विचार, तेही हेच सांगतील.

सगळं ठीक होईल, असं मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. योहान २० मध्ये उठलेला ख्रिस्त दारं लावून बसलेल्या शिष्यांना भेटतो, तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात. माझा भरवसा त्या हातांवर आहे, आणि तुझ्या निकालाशी त्याचा संबंध नाही.

परीक्षेचं बोलायचं तर आणखी एकदा द्यायची की नाही, हे या महिन्यात ठरवू नकोस. तोवर दुसऱ्या दोन जागांचे अर्ज भरून ठेव. ती हार नव्हे. भाड्याचं मालकाशी उद्याच बोल, टाळलंस की रक्कम आणि धास्ती दोन्ही वाढतात.

रविवारी उपासनेला यावंसं वाटलं नाही तरी दुपारी जेवायला ये. काकू वाट पाहतेय. येताना वडिलांचे रिपोर्ट आणि रेशनकार्डाची झेरॉक्स आण. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस येतं, सोमवारी आपण दोघं जाऊन चौकशी करू.

तुझा,
काका