गोझो बेटावरची फूड-टेस्टिंग टूर शाकाहारी आई-बाबांना घेऊन करण्यासारखी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माल्टाला जाताय, एक दिवस गोझो बेटासाठी ठेवलाय, बरोबर सत्तरीतले पूर्ण शाकाहारी आई-बाबा आहेत. तिथल्या स्थानिक उत्पादकांकडे नेऊन चवी दाखवणारी टूर घ्यावी का? आणि "नुसतं चाखायला एवढे पैसे कशाला?" असं बाबांचं म्हणणं आहे.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. चवीसाठी पैसे देऊ नका. त्याच बरण्या, तेच चीज, तोच मध राजधानी व्हॅलेटातल्या दुकानातही मिळतो. पैसे द्यायचे ते काम चालू असलेल्या जागी जायला मिळावं म्हणून. एरवी तिथे आपल्याला कोण उभं करणार?

मी तीन वर्षं माल्टात नोकरीला होते आणि गोझोच्या अशा दोन टूर केल्या. पहिली साफ फसली. पाच तासांत चार दुकानं, प्रत्येक ठिकाणी काडीला टोचलेले तुकडे, मग काउंटरकडे बोट. एकाही ठिकाणी वस्तू करणारा माणूस भेटला नाही. दुसऱ्या वेळी सासू-सासरे आले होते, तेव्हा शहाणी झाले होते. बुक करायच्या आधी फोन करून एवढंच विचारलं, "त्या दिवशी कुणाकुणाच्या कामाच्या जागी नेणार?" तुम्हीही हेच विचारा. उत्तरात दुकानांचीच नावं आली तर सोडून द्या. मिठागर, चीज करणाऱ्याचा गोठा, बेकरी असं काही ऐकू आलं तर घ्या.

आता शाकाहाराचं, कारण तिथेच लोक फसतात. गोझोची शान म्हणजे जबेना हे शेळीच्या किंवा मेंढीच्या दुधाचं छोटं गोल चीज. आकार इडलीएवढा. आम्ही गेलो त्या घरी बाई घट्ट झालेलं दूध छोट्या जाळीदार टोपल्यांत ओतत होत्या. खालच्या परातीत पाणी थेंबथेंब पडत होतं. थोड्या वेळाने त्यांनी एक टोपली हातावर उलटी केली, चीज तळहातावर आलं, बोटाने जरा सावरून ते पुन्हा दुसऱ्या बाजूने आत सरकवलं. अंगावर टोपलीच्या विणीची नक्षी उमटलेली. हे सगळं दोन सेकंदांत. सासूबाई लगेच म्हणाल्या, "इतकं मऊ, आणि तुटलं कसं नाही गं!" ताज्या जबेनाची चव म्हणजे साखर न घातलेला खरवस समजा. वाळवलेलं जरा कडक आणि खारट असतं. काळी मिरी लावलेलं झणझणीत. मला तेच आवडतं.

पण हे दूध विरजण लावून नाही, रेनेट नावाचं विकर घालून घट्ट करतात, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेलं असतं. तुमच्या आई-बाबांना ते चालतं का, हे तिथे पोचून ठरवण्यापेक्षा घरीच विचारून ठेवा. माझ्या सासऱ्यांनी ऐकलं आणि हात मागे घेतला. सासूबाईंनी ऐकलं, क्षणभर विचार केला आणि खाल्लं. दोघांनी एकमेकांना काही म्हटलं नाही, पण दुपारभर बसमध्ये जरा शांतता होती. वनस्पतिजन्य रेनेट वापरणारे कुणी आहेत का, हे टूरवाल्याला आधी विचारलंत तर त्याला सोय बघायला वेळ मिळतो.

दुसरी मेख माशांची. तिथे मासे वेगळे मोजत नाहीत, ते असतातच. होब्झ बिझ्झेत म्हणजे पावावर टोमॅटो चोळून, वर ऑलिव्ह तेल, केपर्स या मुरवलेल्या कळ्या आणि बहुतेक वेळा ट्यूना मासा. फ्तिरा हा तिथला चपटा, आंबवलेल्या पिठाचा पाव. २०२० साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गोझोत मात्र फ्तिरा म्हणजे पिझ्झासारखा भाजलेला प्रकार. त्यावर बटाट्याचे पातळ काप असतात आणि अँकोवी हे छोटे खारट मासे असू शकतात. चीज भरून बंद केलेल्या प्रकारात बरेचदा अंडं असतं. म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नका. मासे नाही, अंडं नाही, हे वेगळं सांगा, आणि आदल्या दिवशी परत सांगा.

एवढं वगळूनही खायला भरपूर उरतं. बिगिल्ला ही वाळवलेल्या बाकळ्याच्या दाण्यांची लसूण घातलेली चटणी. वालाचं बिरडं खाणाऱ्या घरात ती परकी वाटणार नाही. कुन्सेर्वा म्हणजे उन्हाळी टोमॅटो आटवून केलेला घट्ट गोळा, पावावर नखभर पुरतो. इम्आरेत म्हणजे खजूर भरून तळलेल्या वड्या, बडीशेपेच्या वासाच्या. त्यावर सासऱ्यांनी दुपारचं जेवण भागवलं. आणि केपर्स. तटबंदीच्या भिंतींतून, दगडांच्या फटींतून उगवणाऱ्या झुडपाच्या कळ्या, फुलायच्या आत खुडून मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या. आषाढी द्वादशीला आपण वाघाटीची भाजी करतो ना, ती याच कुळातली. हे सांगितल्यावर सासूबाईंनी बरणीकडे नातेवाईक भेटल्यासारखं पाहिलं.

कच्च्या दुधाची भीती तुम्ही विचारलेली नाहीत, पण नेटवर 'माल्टा फीवर' वाचून कुणीतरी घाबरवेलच. तो इतिहास खरा आहे. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टातच या तापाचा जंतू शोधला, आणि १९०५ मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लेस झामित यांनी तो शेळ्यांच्या दुधातून पसरतो हे दाखवलं. आज त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. टूरवर चीज चाखताना दूध पाश्चराइज केलेलं आहे का, एवढं विचारायला काहीच हरकत नाही. त्या बेटावर या प्रश्नाने कुणी दुखावत नाही.

आता मिठागर. माझ्या मते टूरमधलं हेच सगळ्यात मोलाचं. मार्सालफोर्न गावाच्या पश्चिमेला श्वेनीच्या किनाऱ्यावर चुनखडीच्या खडकात कोरलेले चौकोनी खळगे आहेत, पार दूरपर्यंत. माझ्या सासूबाईंचं माहेर पेणजवळचं, मिठागरं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. पण आपल्याकडे तळ चिखलाचा, चोपून चोपून घट्ट केलेला. इथे खाली सरळ दगड. त्यामुळे मीठ पांढरंशुभ्र निघतं, माती येतच नाही. समुद्राचं पाणी आधी मोठ्या टाकीत तापू देतात, मग उथळ खळग्यांत सोडतात. कडक ऊन असलं की आठवडाभरात मीठ धरतं. मग झाडूने ओढून ढीग करतात, निथळू देतात. काम चालतं साधारण मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात गेलात तर रिकामे खळगे आणि लाटा. दिसायला सुंदरच, पण मीठ नाही.

तिथल्या बाई घरच्या मिठागरात काम करत होत्या. हे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सासूबाईंनी एक खडा जिभेवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "विचार तिला, शेवटचं पाणी सोडून देतात का." मी इंग्रजीत विचारलं. बाईंनी झाडू थांबवला, आधी माझ्याकडे आणि मग थेट सासूबाईंकडे पाहून मान हलवली. हो, सोडून देतात. शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरतात, ते राहिले तर मीठ कडवट होतं. त्यानंतर मी आणि गाइड दोघीही बाजूला पडलो. एक मराठीत, एक माल्टीज-मिश्रित इंग्रजीत, दोघी दहा मिनिटं झाडूच्या कोनाबद्दल बोलत होत्या. बाबांना सांगा, पैसे गेले ते यात.

पाऊस नसलेल्या आणि फार न तापलेल्या दिवसांत, म्हणजे मे-जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर अखेर, आई-बाबांना बरं पडेल. जुलै-ऑगस्टमध्ये मिठागरावर सावली नाही, दगड तापतो. खडक ओबडधोबड आहे, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. छोटा गट आणि मिनीबस असेल तर चालणं बेताचं. बेट सुमारे ६७ चौरस किलोमीटरचंच आहे, दोन ठिकाणांत वीसेक मिनिटांचं अंतर. दुपारी दुकानं बंद असतात, म्हणून सकाळची टूर घ्या. एकाच दिवसात जगंतियाची प्राचीन मंदिरं, किल्ला आणि टूर असं तिन्ही कोंबू नका. मी ते करून बघितलंय, सासरे मंदिरात दगडावर बसून राहिले. टूर आणि व्हिक्टोरिया या तिथल्या मुख्य गावातला किल्ला पुरे.

पाट्या वाचताना एक युक्ती: माल्टीजमध्ये इंग्रजी एक्स दिसला की 'श' म्हणायचं. म्हणूनच पाटीवरचं Xwejni म्हणजे श्वेनी. आणि गोझोला तिथले लोक आउदेश म्हणतात, ते ऐकून गोंधळू नका.

खरेदी करणार असाल तर मीठ घ्या, वजनाला जड पण टिकतं. मध, कॅरब या शेंगांचं सरबत, केपर्सच्या बरण्या हातातल्या बॅगेतून विमानात नेऊ देतीलच असं नाही, चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. ताजं जबेना घेऊ नका, घरी पोचेपर्यंत त्याचं काही खरं नाही. आमच्याकडे त्या बाईंनी दिलेलं मूठभर मीठ अजून आहे. सासूबाईंनी ते रोजच्या मिठाच्या बरणीत मिसळू दिलेलं नाही, फक्त लोणच्याला काढतात.

आणि हो, माल्टाच्या चिर्केवा बंदरातून गोझोला जाताना बोटीवर तिकीट कुणी मागणार नाही, तेव्हा चुकून फुकट चढलो असं समजून घाबरू नका. पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे, आणि पैसे परत येताना गोझोच्या इम्जार बंदरावर घेतात.