'सस्पेन्स'ला रहस्य म्हणावं का?

एका वाचक मैत्रिणीनं प्रश्न पाठवला आहे. 'दृश्यम'वर (2015चा हिंदी, निशिकांत कामतांचा) चार ओळी लिहिताना तिनं त्याला 'भावनिकदृष्ट्या तीव्र रहस्यपट' म्हटलं. भावानं लगेच टोकलं, "यात रहस्य कसलं? खून आपल्या डोळ्यांदेखत होतो!" थरारपट म्हणावं तर तिच्या डोळ्यांसमोर गाड्यांचा पाठलाग येतो, आणि 'उत्कंठावर्धक' तिला शाळेच्या निबंधातला वाटतो. मग सरळ 'सस्पेन्स'च म्हणून मोकळं व्हावं का?

व्हा की. बोलताना सगळेच म्हणतात. पण आपण हा शब्द कसा वापरतो ते जरा ऐका. 'सस्पेन्स फोडू नकोस' आणि 'शेवटपर्यंत काय सस्पेन्स ठेवलाय!' या दोन्हीकडे शब्द एकच असला तरी गोष्टी दोन आहेत. जे फोडता येतं ते रहस्य. जे प्रेक्षकाच्या जिवाला लागून राहतं, ते वेगळं. लिहिताना या दोहोंची गल्लत झाली की परीक्षणं घसरतात, असं माझं मत.

'रहस्' म्हणजे एकांत, आणि एकांतात सांगायची ती गोष्ट म्हणजे रहस्य. म्हणजे ते कोणाला तरी ठाऊक असतंच, फक्त आपल्याला सांगितलेलं नसतं. म्हणून ते उलगडतं, फुटतं आणि कळलं की संपतं. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय ज्या पुस्तकांत वावरले त्यांना 'रहस्यकथा' हे नाव चपखल बसलं ते याचमुळे. शेवटची पानं आधी वाचणाऱ्याला त्या काळी घरात शिव्या बसत, त्याही याचमुळे.

आता 'दृश्यम' पाहा. मुलीच्या हातून खून होतो, आई आणि ती मिळून प्रेत परसात पुरतात, हे सगळं मध्यंतराच्या बऱ्याच आधी आपण पाहिलेलं असतं. 2 ऑक्टोबरला सगळं कुटुंब पणजीला होतं, सत्संग ऐकला, पावभाजी खाल्ली, ही पोलिसांना सांगायची सगळी बनावट आहे हेही आपल्याला ठाऊक असतं. तरी चौकशीच्या खोलीत पोलीस अधिकारी गायतोंडे धाकट्या पोरीसमोर उभा राहतो तेव्हा आपण खुर्चीत मागे टेकून बसू शकत नाही. ती पोर काय लपवते आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तर ही अवस्था होते! माहीत नसतं तर मार खाणाऱ्या लहान मुलीची फक्त कीव आली असती. इथं कीव आहेच, आणि शिवाय तिनं तोंड उघडू नये अशी, थोडी लाज वाटावी अशी, आपलीही इच्छा आहे. भावाचं म्हणणं अर्धं खरं ते इथं. उरलेलं अर्धं मैत्रिणीच्या पदरात टाकायला हवं, कारण प्रेत नेमकं कुठं गेलं हे शेवटच्या दृश्यापर्यंत झाकलेलं आहे आणि ते अस्सल रहस्यच आहे. पण सिनेमा तेवढ्यावर उभा नाही. शेवट ठाऊक असलेली माणसंही तो टीव्हीवर लागला की पुन्हा पाहत बसतात.

हिचकॉकनं 'व्हर्टिगो'त (1958) हे जाणूनबुजून केलं. मूळ फ्रेंच कादंबरीनं शेवटपर्यंत जपलेली गोष्ट त्यानं सिनेमा बराच शिल्लक असताना प्रेक्षकाला सांगून टाकली. नायकाला तेवढी तेव्हा कळू दिली नाही.

या अवस्थेला मराठीत काय म्हणतात? जीव टांगणीला लागणं. इंग्रजी सस्पेन्सच्या मुळाशी लॅटिनमधलं टांगणंच आहे, पण आपला वाक्प्रचार तिथून आलेला नाही. दोन्हीकडच्या माणसांना आपापलं सुचलं. (आपल्या 'निलंबित'मध्येही लोंबकळणं आहेच. म्हणजे साहेबांनी घरी बसवलेला कारकून आणि ठाण्यात ताटकळणारा 'दृश्यम'मधला बाप विजय साळगावकर, व्युत्पत्तीनं दोघेही लटकलेले.)

'उत्कंठा' हा शब्द मात्र मैत्रिणीनं इतक्या लवकर टाकून देऊ नये. उत् आणि कंठ, म्हणजे वाट बघताना मान वर होते ती. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी एक 'विरहोत्कंठिता' आहे. प्रियकर यायचा तो आलेला नाही आणि ती वाट बघते आहे. शाकुंतलात मुलीची पाठवणी करताना कण्व म्हणतात, 'यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया'. पुढच्याच शब्दांत त्यांचा कंठ आवरलेल्या आसवांनी दाटतो. कण्वांपासून काय लपलेलं आहे? काहीच नाही. शकुंतला आज जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि तरी ती उत्कंठाच. म्हणजे या शब्दाच्या पोटात ताण आणि माया दोन्ही होतं. आपण त्याला 'वर्धक' जोडून निवडणूक निकालांच्या बातम्यांत कामाला लावलं, तिथं तो सुकला. निकालाची असते ती उत्सुकता. उत्कंठेला कोणीतरी जिवाभावाचं माणूस लागतं.

मराठीतलं याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईत खाणीवर दगड फोडत असतो. खाण बंद पडते. मग पोटासाठी तो मढ्यांवरचं सोनं शोधायला लागतो. रात्र, एकटा माणूस, ताजं मढं पुरलेली जागा आणि त्याच मढ्यावर टपलेले कोल्हे. वाचकापासून इथं काडीचंही लपवलेलं नाही. कोण, कुठं, कशासाठी, सगळं उघड. तरी भीमा पहारीनं प्रेताचा जबडा उघडून आत बोटं घालतो तेव्हा वाचता वाचता आपलीच बोटं आखडतात. आणि जबडा मिटतो. ही भयकथा नव्हे, यात भूत नाही. रहस्यकथा तर नव्हेच. बोटं गमावून बसलेल्या भीमाला खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं, तिथं आधीची सगळी भीती एकदम दुःख होऊन बसते. ती दगड फोडायची बोटं होती.

'थरार'बद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. शब्द मुळात अंगाचा, थरथरीच्या घरातला, पण क्रिकेटचा थरार आणि दरवर्षी गोविंदांच्या 'थरांचा थरार' करून वर्तमानपत्रांनी त्याचं चिपाड केलं. भीमा आणि कोल्ह्यांच्या झटापटीला तो शोभतो. साळगावकरांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाला नाही.

'गूढ' आणखी वेगळं. रहस्याला उत्तर असतं, गूढ उत्तरानंतरही शिल्लक राहतं. अर्नाळकरांची रहस्यकथा, धारपांची भयकथा आणि मतकरींची गूढकथा या तीन नावांची मराठी वाचकानं कधी सरमिसळ केली नाही. आताच्या ओटीटीच्या मराठी वर्णनांत मात्र तिन्ही एकाच पिशवीत कोंबलेली दिसतात.

राहिलं 'भावनिकदृष्ट्या तीव्र'. हे मराठी नाही, मराठी कपड्यातलं इंग्रजी आहे. आपल्याकडे तीव्र असते ती वेदना, नाराजी, पाणीटंचाई. 'उत्कट' चांगला शब्द आहे, पण तो ओढीचा. प्रेम उत्कट, भक्ती उत्कट. लेकीला वाचवायला खोटं रचणाऱ्या बापाचं काय चाललंय ते सांगायला 'जिवाला घोर' पुरेसा आहे आणि तो कुठल्याही आजीला कळतो. 'सैराट'च्या शेवटी माहेरची माणसं भेटी घेऊन दारात येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते, तेव्हा आपल्या पोटात जे होतं ती धाकधूक. त्यानंतर आवाज नाहीसा होतो आणि ते लेकरू दारात येतं, तिथं 'सुन्न' याखेरीज दुसरा शब्द मला सुचलेला नाही. एकाच सिनेमात पाच मिनिटांच्या अंतरानं दोन वेगळे शब्द लागतात आणि दोन्हीकडे 'तीव्र' कुचकामी ठरतो.

तेव्हा वाक्य असं करून पाहा: 'शेवटचं एक रहस्य सोडलं तर सगळं माहीत असूनही दृश्यम जीव टांगणीला लावतो, आणि घोर त्या कुटुंबाचा लागतो.' लांब झालं, पण त्यात भावाला खोड काढायला जागा नाही. आणि नुसतं प्रकाराचं नाव हवं असेल, तर 'उत्कंठापट' वगैरे घडवायच्या भानगडीत न पडता 'सस्पेन्स थ्रिलर' असं देवनागरीत बेलाशक लिहा.