काचबिंदू आफ्रिकन वंशाच्या लोकांना जास्त होतो, मग आपल्या कोकणातल्यांना काळजी नाही ना?

काळजी आहे. काचबिंदू म्हणजे बहुधा डोळ्यातला दाब वाढून नजरेची नस खराब होण्याचा आजार. तुम्ही वाचलंत ते खरंय: अमेरिकेतल्या पाहण्यांत कृष्णवर्णीयांमध्ये खुल्या कोनाचा काचबिंदू (डोळ्यातलं पाणी निचरण्याचा कोन उघडा असूनही होणारा) गोऱ्यांच्या तीन-चार पट आढळला. तो त्यांना कमी वयात होतो आणि आंधळेपणही जास्त येतं. त्यात उपचार उशिरा मिळण्याचा वाटा मोठा आहे, सगळा दोष रक्ताचा नाही.

पण आपल्याकडे, आशियाई लोकांत, बंद कोनाचा काचबिंदू युरोपियनांपेक्षा जास्त दिसतो. यात पाणी निचरतं तो कोनच अरुंद असतो आणि वयानुसार भिंग जाड झालं की तो आणखी मिटतो. कधी अचानक झटका येतो: डोळा लाल, डोकं ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. घरात म्हणतात पित्त झालं आणि कोकम सरबत देतात! अशा वेळी त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

बहुतेकदा मात्र काहीच दुखत नाही. गुहागरची माझी काकी समोरचं नीट वाचायची, पण खळ्यात उतरताना बाजूची पायरी चुकायची. 'मोतीबिंदू पिकू दे' म्हणत आम्ही दोन वर्षं घालवली; निघाला काचबिंदू, तिची बाजूची नजर गेली होती. मोतीबिंदू काढता येतो; काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते.

चाळिशीनंतर, आणि आईवडील किंवा भावंडांना असेल तर नक्कीच, नुसता चष्म्याचा नंबर काढून थांबू नका. डोळ्याचा दाब, कोन आणि नस तपासून घ्या. गणपतीला गावी गेलात की घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही न्या.