वाचक विचारतात : श्रावणभर आपलं लोकल चॅनल

मागच्या अंकात मी लिहिलेलं की या श्रावणात महिनाभर घरात फक्त डीडी गोवा, म्हणजे दूरदर्शनचं गोव्याचं चॅनल, लावणार आणि काय काय दिसलं ते वहीत लिहून ठेवणार. त्यावर बरेच मेसेज आले, त्यातले चार घेतेय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा म्हणतो हे कसलं चॅनल, आत्ता भातावरची कीड, मग भजन, मग डॉक्टर फोनवर, मग फुटबॉल. खरंच कोण ठरवतं की हाताला लागेल ते लावतात? (एक वाचक, डिचोली)

ठरवतात हो, अगदी व्यवस्थित ठरवतात. दूरदर्शनच्या केंद्रात फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणून एक तक्ता असतो, कुठल्या वारी किती वाजता काय लागणार ते त्यात बांधलेलं असतं, आणि 1990 च्या प्रसार भारती कायद्यातच लिहिलंय की शेती, आरोग्य, शिक्षण, खेळ, बायका-मुलं, त्या त्या भागातली भाषा आणि संस्कृती या सगळ्याकडे लक्ष द्यायचं. म्हणजे सांग्याचा कुळागरवाला म्हणजे सुपारीच्या बागेचा मालक, वास्कोचा बंदरावरचा कामगार आणि पेडण्याची कॉलेजातली पोर, तिघांनाही त्याच एका चॅनलवर जागा द्यायची. मुलाला म्हणावं सलग चार तास बघू नको, आपल्या कामाचा अर्धा तास शोध.

माझ्या वहीतलं सांगते. पहिल्याच आठवड्यात खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीवर, कार्यक्रम लागला, बांध, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात असं सगळं. मानशीचं दार भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबानं आपोआप बंद होतं आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबानं उघडतं, वीज नको की मोटर नको, हे मी चोडणला माहेर असून पन्नास वर्षांत कधी नीट समजून घेतलं नव्हतं. आई उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली आणि आजोबा मानशीवर रात्री कंदील घेऊन कसे जायचे ते सांगायला लागली, कार्यक्रम संपला तरी तिचं चालूच. मला वाटतं लोकल चॅनलचं खरं काम हेच, दिल्ली-मुंबईचं कुठलं चॅनल मानस दाखवणार?

मग नागपंचमी, आणि दुसऱ्या दिवशी वास्कोला दामोदराचा सप्ताह. तिथे चोवीस तास भजन अखंड चालतं, जांबावलीच्या दामोदराकडचा नारळ आणून ही प्रथा सुरू झाली असं सांगतात, त्याला सव्वाशे वर्षं झाली. रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार म्हणजे मिरवणुका निघतात. गुडघ्यांमुळे आईला आता त्या गर्दीत उभं राहवत नाही, पडद्यावर बघून तिनं हात जोडले. ऑगस्टचा महिना गोव्यात भरगच्चच असतो बघा, 5 तारखेला राय गावचं कोणसाचं फेस्त म्हणजे नव्या भाताच्या कणसांचा चर्चचा सण, 20 ला कोंकणी मान्यता दिवस कारण 1992 साली त्याच दिवशी कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात घ्यायचं विधेयक लोकसभेत पास झालं, चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावरचा बोंदेरा हा बावट्यांचा उत्सव. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट, आणि घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात, आवाजात फरक पडतो असं जुने वाजवणारे म्हणतात.

न आवडलेलंही लिहिते. स्टुडिओत दोन खुर्च्या, मध्ये फुलदाणी, आणि पाहुण्यांना प्रश्नाआधी पाच मिनिटं त्यांचाच परिचय ऐकवायचा, हे फार झालं. सत्काराचे कार्यक्रमही खूप लांबतात. तोच कॅमेरा बाहेर न्या ना, पावसात शेतात न्या, मासळी बाजारात न्या.

प्रश्न : केबल बंद केली, दर महिन्याचं बिल परवडत नाही. फुकट दिसेल का? (निवृत्त शिक्षक, काणकोण)

दिसेल सर. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या सेवेची छत्री (डिश अँटेना) आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याला काही भरायचं नाही. 2019 पासून डीडी गोवा त्यावर आहे. घरात एमपेग-2 या जुन्या पद्धतीचा बॉक्स पडलेला असेल तर तो वापरू नका, काही चॅनलं त्यात दिसतच नाहीत, नव्या एमपेग-4 चा मागा. जोराच्या पावसात चित्र फुटतं किंवा जातं, तो बॉक्सचा दोष नाही, फ्री डिशच्या फ्रीक्वेन्सीचे सिग्नल दाट पावसात अडतात, सर ओसरली की येतं. अचानक एखादं चॅनल गायब झालं तर ऑटो स्कॅन करा. मोबाइल असेल तर प्रसार भारतीचं वेव्ज अॅप आहे, ते 2024 च्या नोव्हेंबरात आपल्या पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवातच सुरू झालं.

प्रश्न : आमच्या बायकांच्या भजनी मंडळाला टीव्हीवर गायचंय, ओळख लागते का? आणि मराठी भजन चालेल ना? (पेडणे)

ओळख नको, अर्ज करा. पणजीला आल्तिनोवर केंद्र आहे, तिथे रीतसर अर्ज द्या आणि ऑडिशनची चौकशी करा. ऑडिशनला तबला पेटीच्या सुरात लावून जा आणि मोठा गजर न घेता एकच अभंग नीट बसवा. मराठीचं म्हणाल तर 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामाला मराठीही वापरता येते, आणि आपल्या देवळांतलं भजन तर पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच चाललंय, तेव्हा बिनधास्त जा.

प्रश्न : बाबांचं कीर्तन खूप वर्षांपूर्वी टीव्हीवर दाखवलेलं. एका ऑफिसात विचारायला गेलो तर टेप नाही एवढंच म्हणाले. घरी एक व्हीएचएस कॅसेट आहे, पांढरी बुरशी आलीय. (मडगाव)

वाचून जीव कळवळला. त्या काळी टेप महाग होत्या, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवीन रेकॉर्ड करायची पद्धत जगभरच्या टीव्ही स्टेशनांत होती, तेव्हा तिथली टेप कदाचित तशीच गेली असेल. तुमच्या घरची कॅसेट हीच आता मूळ प्रत समजा. बुरशी असताना व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, हेड खराब होतं आणि टेप तुटू शकते. उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात, फ्रिजवर किंवा उन्हात नको. मग कॅसेट साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या, दोन प्रती काढा, एक भावाकडे दुसऱ्या गावी ठेवा. आणि लेबल पुसट झालं असेल तर आजच आईला विचारून लिहून घ्या, कुठलं देऊळ, कुठलं आख्यान, पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण.