गजर त्यांचा, दचकणे माझे

पत्र : ताई, मी फोंडे तालुक्यातील एका गावात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. मला सहाला उठले तरी पुरते. माझे यजमान वेर्णे औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत आणि पहिल्या पाळीसाठी त्यांची गाडी सव्वापाचला नाक्यावर येते. त्यांच्या फोनवर सव्वाचार, साडेचार आणि पावणेपाच असे तीन गजर असतात. पहिले दोन ते डोळे न उघडताच बंद करतात. मी मात्र पहिल्यालाच दचकून उठून बसते, छाती धडधडू लागते आणि पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच दुसरा वाजतो. शेवटी त्यांना हलवून उठवते तीही मीच. हल्ली तर गजराच्या धास्तीने तीनलाच जाग येते आणि मी घड्याळ पाहत पडून राहते. त्यातच माघातील जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू असल्याने ते मध्यरात्रीनंतर घरी येतात. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही पोदेराच्या (पाववाल्याच्या) पों-पोंवर उठत होतो, तुमचीच ही नवी नाटके.’ मी खरोखरच फार हळवी आहे का? आणि गजराला काही सौम्य पर्याय असतो का?

उत्तर :

तुम्ही हळव्या नाही. अचानक आणि मोठा आवाज कानावर आला की डोळे घट्ट मिटणे, मान आखडणे, खांदे वर जाणे आणि पाठोपाठ हृदयाचे ठोके वाढणे ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. तिची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून हलतात. आवाज कशाचा आहे, याचा विचार मेंदूचा वरचा भाग करू लागण्यापूर्वीच ती घडून गेलेली असते. ‘हा तर रोजचाच गजर’ अशी मनाची समजूत घालून दचकणे थांबत नाही, ते यामुळेच.

या प्रतिक्रियेसाठी आवाज किती मोठा आहे याइतकेच तो किती झटकन मोठा होतो यालाही महत्त्व असते. शांततेतून एका क्षणात टिपेला पोहोचणारा आवाज माणसाला दचकवतो. तेवढाच मोठा आवाज हळूहळू चढत आला तर तितका दचकवत नाही. म्हणूनच सासूबाईंचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही. पोदेराची सायकल वाड्याच्या टोकाला असते तेव्हा तिचा भोंगा अर्धवटच ऐकू येतो. मग तो दोन घरे अलीकडे वाजतो, मग शेजारच्या अंगणात आणि शेवटी आपल्या दारात. उंडे आणि पोळ्या या पावांची टोपली आपल्यापर्यंत येईतो कानाला त्या आवाजाची ओळख पटलेली असते. पोदेर साधारणपणे उजाडताना येतो आणि तोवर झोपही बहुतेक पुरी होत आलेली असते, ही त्यातील दुसरी गोष्ट. सासूबाईंच्या आठवणीत खोट काही नाही. मात्र पोदेराच्या भरवशावर सव्वापाचची गाडी मिळणार नाही, हेही त्यांना सांगायला हरकत नाही.

तीनला येणारी जाग ही या दचकण्याचीच पुढची पायरी आहे. एखादा आवाज वारंवार कानावर पडला तर सहसा माणूस त्याला सरावतो. पण त्या आवाजाची मनात धास्ती बसली की उलट घडते आणि दचकणे अधिक तीव्र होते. तुम्ही अंधारात घड्याळ पाहून ‘अजून सव्वा तास उरला’ असा हिशेब करता, तेव्हा शरीराला त्या क्षणाच्या तयारीलाच बसवत असता. आज रात्रीपासून घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा आणि जाग आली तरी किती वाजले ते पाहू नका. सुरुवातीला हे जड जाईल, तरीही करा.

आता फोनकडे वळू. तो तुमच्या पलंगाशेजारच्या लाकडी टेबलावर असावा आणि त्याच टेबलावर पाण्याचा तांब्याही असावा, असा माझा अंदाज आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तसेच असते. गजराबरोबर फोन थरथरू लागला की टेबलाची फळी गुणगुणते, तांब्यावर पालथे घातलेले फुलपात्र खणखणते आणि अर्ध्या झोपेतील कानाला घरात भांडी पडल्याचा भास होतो. हा फोन तिथून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, तर त्रास लगेच थोडा उतरेल आणि गजर बंद करण्यासाठी यजमानांना पलंगावरून उठावेही लागेल. त्यानंतर फोनच्या घड्याळातील सेटिंग्ज उघडा. आवाज हळूहळू वाढवण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते; ती सुरू करावी आणि आवाज पूर्ण चढायला मिळेल तेवढा अधिक वेळ द्यावा.

धूनही बदला. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सुरेल गजरावर उठणाऱ्यांनी जाग आल्यानंतरची सुस्ती कमी जाणवत असल्याचे सांगितले होते. पाहणी लहान होती आणि लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली होती, त्यामुळे तिचा फार डोलारा उभारू नये. पण कर्कश टीं-टींऐवजी चाल असलेली धून लावायला पैसे पडत नाहीत. फक्त आवडता अभंग किंवा नाट्यपद गजराला लावू नका. यजमान नाटकवेडे दिसतात, तेव्हा त्यांना हा मोह होणारच. परंतु रोज पहाटे ज्या सुरांनी झोप मोडते, ते सूर महिन्याभरात नकोसे होतात.

हे सगळे केले तरी गजर त्यांचा असून ऐकावा तुम्हाला लागतो, हा पेच सुटत नाही. त्यासाठी माझी पहिली पसंती आवाजाला नव्हे, मनगटावरच्या पट्ट्याला आहे. पावले आणि नाडीचे ठोके मोजणारे जे पट्टे हल्ली सर्रास मिळतात, त्यांत आवाज न करता केवळ थरथरून उठवणारा गजर असतो. तो ज्याच्या हातात आहे त्यालाच जागे करतो आणि शेजारच्या माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. साध्यातला साधा पट्टा पुरेसा आहे. ‘झोप हलकी असतानाच उठवतो’ या जाहिरातीला मात्र भुलू नका, कारण पट्टा झोपेचा अंदाज हालचाल आणि नाडी यांवरून बांधतो; प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूचे तरंग मोजतात तशी ती मोजणी नसते. मनगटावरच्या थरथरीने जाग येत नसेल, तर उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते. ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली ही वस्तू बरीच जोरदार असते आणि एकाच गादीवर झोपत असाल तर ती तुम्हालाही हलवील, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर. पहिले काही दिवस तुम्ही औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे मऊ बोळे कानात घालून झोपलात तर उत्तमच.

उजेडाचा उपाय मी त्यांच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी सुचवते. डोळ्यांवर पडणारा उजेड मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतो आणि रात्रीचे मेलाटोनिन हे संप्रेरक ओसरू लागते. जूनमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्योदय होतो, त्यामुळे पूर्वेची खिडकी उघडी असली तर सहाला उठण्यासाठी तुम्हाला गजराची फारशी गरज पडू नये. घर जुन्या धाटणीचे असून खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले असतील तर आणखी छान, कारण त्यांतून येणारा उजेड डोळ्यांत खुपत नाही. पण जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात आणि सहाला बाहेर काळोखच असतो. या दिवसांत वीस-तीस मिनिटांत हळूहळू उजळत जाणारा दिवा किंवा फोनवरून तसा लावता येणारा बल्ब उपयोगी पडतो. तो पांढऱ्या मच्छरदाणीबाहेर ठेवला की उजेड जाळीवर पसरतो आणि अधिक सौम्य होतो. पावसाळ्यात विजेचा खेळखंडोबा सुरू झाला की असा दिवा हमखास दगा देतो, म्हणून फोनवर एक हळू चढणारा गजर राखीव ठेवावा.

आता ज्या गोष्टीला तुम्ही पत्रात एकच ओळ दिलीत आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येते. साडेबाराला झोपून पावणेपाचला उठणाऱ्या माणसाला जेमतेम सव्वाचार तास झोप मिळते. प्रौढ माणसाला सात तास तरी हवेत, असे डॉक्टर सांगतात. झोपेची थकबाकी साचली की गाढ झोप आणखी घट्ट होते, उठवणारा आवाज अधिक मोठा लागतो आणि उठल्यावरही मेंदूवरची गुंगी लवकर उतरत नाही. त्यातून पहाटे चारची वेळ म्हणजे शरीराचे तापमान तळाला गेल्याची वेळ. तुमचे यजमान पहिले दोन गजर बंद करतात ते आळसाने किंवा तुम्हाला गृहीत धरून करतात, असे मला वाटत नाही. ते बंद केल्याचे त्यांना आठवतही नसण्याची शक्यता आहे. अशा झोपेला सौम्य गजर पुरणार नाही आणि कर्कश गजर तर आधीच हरलेला आहे.

जत्रेचे नाटक सोडा असे गोव्यातील माणसाला सांगण्याइतकी मी भाबडी नाही. देवळापुढे वर्षातून एकदा तोंडाला रंग लागतो, त्यासाठी माणसे रजा जपून ठेवतात. पण त्यांचे प्रवेश आधी घेऊन दहाला सोडा, एवढे दिग्दर्शकाला सांगता येते आणि ज्या मंडळात पहाटेच्या पाळीची माणसे असतात तिथे हे समजूनही घेतले जाते. ज्या रात्री ते जमणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर अर्धा तास झोप घ्यावी. संध्याकाळपर्यंत ताणू नये, नाहीतर रात्री झोप यायला आणखी उशीर होईल. तालमी संपल्या की झोपण्याची वेळ साडेनवाच्या आसपास ठेवून ती सुट्टीच्या दिवशीही फार हलू देऊ नये. नियमित वेळ पाळणाऱ्याचे शरीर स्वतःच उठायची तयारी करू लागते. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते की सहाला उठवणार असे सांगून झोपवलेल्यांच्या रक्तात, ती वेळ येण्याच्या आधीच्या तासाभरात, शरीराला जागे करणाऱ्या साखळीतील एक संप्रेरक वाढू लागते. नऊला उठवू असे सांगून सहालाच उठवलेल्यांमध्ये ते तसे वाढले नाही. गजर ज्याच्या बाबतीत केवळ पहारेकरी म्हणून उरतो, तो माणूस बहुधा असाच तयार झालेला असतो.

तीन गजरांविषयीही त्यांच्याशी बोला, पण पावणेपाचला नव्हे. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर बोला आणि ‘तुमच्यामुळे माझी झोप मोडते’ इथून सुरुवात करू नका. तीनला जाग येते आणि शाळेत मुलांवर विनाकारण आवाज चढतो, तसे होत असेल तर, ते सांगा. गजर पुढे ढकलून लोळण्याने फारसे नुकसान होत नाही असा युक्तिवाद ते कदाचित करतील. २०२३ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांना, नेहमी तसे करणाऱ्या माणसांमध्ये अर्ध्या तासापुरते तसेच काहीसे आढळलेही होते. मात्र तो अभ्यास लोळणाऱ्यांचा होता, त्यांच्या बायकांचा नव्हता, एवढे हसत सांगून एकच गजर ठेवण्याचे कबूल करून घ्या.

उठण्याची जबाबदारी यजमानांकडेच राहू द्या. पट्टा पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी वापरून पाहावा, म्हणजे गाडी चुकण्याची भीती उरत नाही. सासूबाई पहाटे उठत असतील, आणि वय वाढले की जाग लवकर येऊ लागतेच, तर पहिल्या आठवड्यात दारातून एक हाक मारण्याची विनंती त्यांना करा. त्यांना आनंदच होईल. तो आठवडा सरल्यावर मात्र ही हाक बंद करायची, हेही त्याच दिवशी ठरवून घ्या.

एक गोष्ट डॉक्टरांची आहे, माझी नाही. गजर नसलेल्या दिवशीही छाती धडधडत असेल, धडधड बराच वेळ टिकत असेल, चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब, थायरॉइड आणि हृदयाचा आलेख पाहून घ्या. छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी जा. यजमान मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडकल्यासारखे थांबत असतील आणि पुरेशी झोप झाल्यावरही दिवसा त्यांचे डोळे मिटत असतील, तर त्यांना गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखवा. अशा विकारात रात्रभर झोप तुटत राहते आणि तो बरा करण्यासारखा असतो. तिथे गजर बदलून काहीच साधणार नाही.