हायड्रोकार्बन म्हणजे काय? आधी कार्बन मोजा

तुम्ही विचारलंय, "हायड्रोकार्बन म्हणजे नेमकं काय, आणि अकरावीतल्या मुलीला त्याचा पुढे उपयोग काय?" फक्त कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं, ही व्याख्या तिच्या पुस्तकात आहेच. उपयोगाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण त्यावरूनच सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला गप्प बसवलं गेलंय.

आमच्याकडे काही घरांत पाइपचा गॅस आला, बाकीच्यांकडे सिलिंडरच. सगळ्यांनी गळतीचा अलार्म बसवायचं ठरलं. बसवणारा सरसकट छताखाली ठोकत सुटला. मी म्हटलं, सिलिंडरवाल्यांचा खाली लावा, जमिनीपासून वीतभर. चेअरमन म्हणाले, "काका, गॅस वरच जातो, पोरांनाही कळतं. इथे शाळा भरवू नका."

पण कुठला गॅस? पाइपमधला मुख्यतः मिथेन: १ कार्बन, ४ हायड्रोजन, रेणुवस्तुमान १६. हवेचं सरासरी २९, म्हणून तो वर चढतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, ३ आणि ४ कार्बनवाले, रेणुवस्तुमान ४४ आणि ५८. ते जमिनीलगत पसरतात, ओट्याखाली साचतात. मूलद्रव्यं तीच दोन, पण साखळीत कार्बन वाढले की सगळी वागणूक पालटते. मिथेन उणे १६२ अंशांना उकळतो. घरातल्या तापमानाला कितीही दाबा, द्रव होत नाही. ब्युटेन जरा दाबला की झाला. साखळी वाढवत न्या: पेट्रोल, रॉकेल, शेवटी मेणबत्तीचं मेण. मुलीला हेच समजू दे, नावं आपोआप लक्षात राहतील.

पुढे शेजारच्या वहिनींच्या सिलिंडरचा वॉशर गेला. खालून पातेलं काढायला वाकल्या तेव्हा त्यांना वास आला. अलार्म वर हिरवा दिवा लावून गप्प. आणि तो वास हायड्रोकार्बनचा नव्हेच! प्रोपेन-ब्युटेनला जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन मिसळतात. त्यात गंधक असतं, त्यामुळे ते व्याख्येत बसत नाही. परीक्षेत असे प्रश्न का विचारत नाहीत?

आता हायड्रोकार्बनचे प्रकार: अल्केनमध्ये कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी, अल्कीनमध्ये निदान एक दुहेरी, अल्काइनमध्ये निदान एक तिहेरी. बेंझीनचं वलय हे वेगळंच प्रकरण, ते सरांकडूनच समजून घ्यावं.

हो, सिलिंडरच्या गॅसमध्ये थोडे अल्कीनही असतात, आणि पंखा चालू असेल तर हवा ढवळून गॅस सगळीकडे जातो. म्हणून नुसत्या अलार्मच्या भरवशावर राहू नका. वास आला की रेग्युलेटर बंद, खिडक्या सताड उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही.

आमच्याकडचे बरेच अलार्म अजून वरच आहेत. चेअरमनसाहेबांनी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा; रेणुवस्तुमानं मी फळ्यावर लिहून दाखवीन.