कोल्हापुरात राहून घरच्या घरी लॅव्हेंडरचं तेल बनवता येईल का? वापरायचं कसं?

येईल, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुकानात छोट्या बाटलीत महाग मिळतो तो अर्क फुलांतून वाफ सोडून काढतात. शंभर किलो फुलांतून जेमतेम किलोभर निघतो. जम्मूकडे डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला शेतकरी मका सोडून लॅव्हेंडरकडे वळलेत, तिथे त्यासाठी मोठी भांडी असतात. घरी होतं ते फुलं मुरवलेलं तेल. वास मंद, पण अंगाला चोळायला मला तेच आवडतं.

माझा पहिला प्रयत्न जुलैतला. कुंडीतल्या ताज्या काड्या तोडून खोबरेलात टाकल्या. आठ-दहा दिवसांत बरणीच्या कडेला पांढरी बुरशी आणि आंबूस वास. सगळं फेकलं. पुढे कुंडीही गेली, कारण या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून सुकी फुलंच घ्या, ऑनलाइन मिळतात. तरी ती थेट तेलात टाकू नका. ताटात पसरून पंख्याखाली दिवसभर ठेवा. मग एक कळी चिमटीत दाबून बघा. कुरकुरून चुरा झाला तर बरोबर. नुसती दबली, मऊ लागली, तर ओल आहे. तेलात ओल गेली की तेल गेलंच म्हणून समजा. बरणीही उन्हात कडकडीत वाळवा.

तेल लाकडी घाण्याचं तिळाचं घ्या. खोबरेल चालतं, पण थंडीत थिजतं आणि गाळताना वैताग येतो. अर्धी बरणी फुलं, ती पूर्ण बुडून वर बोटभर राहील इतकं तेल. पातेल्यात पाणी घेऊन त्यात बरणी ठेवा आणि गॅस अगदी बारीक करून दोन-तीन तास राहू द्या. तेलात बोट बुडवलं तर सोसवेल इतकंच गरम हवं. तापलं की वास उडतो. निवल्यावर कोरड्या मलमलीतून गाळून गडद रंगाच्या बाटलीत भरा आणि उन्हापासून लांब ठेवा.

वास कमी वाटला तर ३० मिलिलिटर तेलात विकतच्या अर्काचे ५-६ थेंब पुरे. तो अर्क तसाच अंगाला लावू नका, पोटात तर कधीच घेऊ नका. पहिल्यांदा वापरताना मनगटाच्या आत थेंबभर लावून दिवसभर वाट बघा. खाज सुटली, लाल झालं तर धुऊन टाका आणि पुन्हा लावू नका.

मी रात्री आईच्या तळपायांना चोळतो. ती म्हणते, बरं वाटतं, डोळा लागतो. चोळण्याने की वासाने, हे सांगता येणार नाही, पण झोपेची गोळी चालू असेल तर या भरवशावर बंद करू नका. आणि घरात मांजर असेल तर बाटली घट्ट बंद करून कपाटात ठेवा, तेल लावलेला हात तिला लावू नका. त्यातली द्रव्यं मांजराला पचत नाहीत.